पाण्याचा आवाज

"मोरिता-सान, झालं का?" मी दारावर हलकेच टकटक केली. आतून नुसता पाण्याचा खळखळाट.

ओसाकातल्या या वृद्धाश्रमात मी आजी-आजोबांची देखभाल करते. इथल्या संडासात एक बटण असतं. ते दाबलं की वाहत्या पाण्याचा खोटा आवाज येतो, म्हणजे आतलं काही बाहेर ऐकू जात नाही. शेजारीच मदतीची लाल घंटा. नव्वदीच्या मोरिता आजी ते पाण्याचं बटण दाबल्याशिवाय बसायच्याच नाहीत. "मित्तोमोनाई," म्हणायच्या. म्हणजे चारचौघांत शोभत नाही. सांगलीच्या जपानीच्या क्लासमध्ये हा शब्द पाठ करताना आम्ही खिदळलो होतो.

पण तो आवाज अर्ध्या मिनिटात आपोआप थांबतो. आजींना एकदा पुरतो, फार तर दोनदा. आज सातव्यांदा सुरू झाला.

"आजी!" घाबरून तोंडातून मराठीच निघालं. मी जादा किल्ली लावली.

आजी फरशीवर पडल्या होत्या. एक पाय भलतीकडेच वळलेला, ओठ दातांखाली घट्ट धरलेला. त्यांचा हात भिंतीवर चाचपडत वर सरकला. बोटं लाल घंटेवर टेकली. क्षणभर थांबली. मग तिला ओलांडून त्यांनी पाण्याचंच बटण दाबलं.

"दार लाव गं," त्या पुटपुटल्या. "माझं कण्हणं बाहेर ऐकू जाईल."