ओवलेली सुई

शिंपीकाकांचं मांजर दोन दिवस ओकत होतं. एक्स-रेत आतड्यात सुई दिसली आणि डॉक्टरांनी त्याला तडक ऑपरेशनला घेतलं. काका बाहेर येरझारा घालत राहिले. "आजही चष्म्याशिवाय सुई ओवतो मी, पण उघडी टाकली नाही कधी!" हे त्यांनी कंपाउंडरलाही दोनदा ऐकवलं. काकू बाकावर रुमाल पिळत बसल्या होत्या.

डॉक्टर बाहेर आले. "वाचलं मांजर. ही घ्या सुई, दोऱ्यासकट."

"अहो, चुकलं माझं..." काकू पुटपुटल्या.

"वाचलं ना ते? मग झालं तर." काकांचा आवाज खाली आला. "रोज मी उठायच्या आत सुया ओवून ठेवतेस ना, त्या यापुढे डबीत ठेवत जा. आणि झाकण लाव."