सात दऱ्यांचा नकाशा

"पाणी कुठं कुठं आहे ते नीट दाखवा," अभिमन म्हणाला. "नुसत्या रेघा नकोत."

मोतीलालनाना हसले. पस्तीस वर्षं मोजणी खात्यात साखळी ओढलेल्या माणसाला नकाशा शिकवणारे हल्ली फार झाले होते. पण रानडुकराच्या शिकारीला जायचं तर नकाशा धुळ्याच्या नानांचा, हे दीपनगरपर्यंत पोचलेलं होतं. फोनमध्ये सातपुड्याचं सरकारी जंगल म्हणजे नुसता हिरवा डाग. नानांच्या कागदावर पायवाटा, पाणवठे, डुकरांच्या लोळणी, सगळं. चढउतार मात्र ते दाखवत नसत. ते पायांनाच कळतात म्हणायचे. शिकारीला बंदी आहे हे प्रत्येकाला एकदा बजावायचे आणि मग पेन्सिल हातात घ्यायचे.

"या जंगलात आधी गेलाय?"

"नाही. पहिलीच वेळ."

नानांची सून दिपमाला चहा घेऊन आली. खोलीत माणसं तीन, ट्रेमध्ये कप चार. चौथा तिनं खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीसमोर ठेवला आणि भिंतीला टेकून उभी राहिली. अभिमन त्या कपाकडे पाहू लागला.

"माझ्या मुलाची खुर्ची," नाना म्हणाले. "समाधान. तीन वर्षांपूर्वी पाणवठे टिपायला याच जंगलात गेला, तो आलाच नाही. पोलिसांनी रान पालथं घातलं. चप्पलसुद्धा मिळाली नाही. म्हणून येईल त्याला सांगतो, काही दिसलं तर कळवा."

दिपमालाच्या कपाळावर कुंकू होतं. ते लावायचं की पुसायचं, हे तिला कुणीच सांगू शकलं नव्हतं. रोज सकाळी आरशासमोर तिचा जीव तुटायचा.

खुर्चीमागच्या भिंतीवर समाधानचा फोटो होता, तो अभिमननं बराच वेळ पाहिला. "कळवीन, ताई," तो हळू आवाजात म्हणाला. माणूस सज्जन वाटत होता.

बाहेर ऊन रणरणत होतं. तेवढ्यात वीज गेली, कूलर थांबला आणि घर एकदम मुकं झालं. नानांनी टेबलावर नकाशा पसरला. एकूण सात दऱ्या होत्या.

"दबा धरून बसायच्या जागांवर गिऱ्हाइकानं स्वतःच्या हातानं खुणा करायच्या. सवय जुनी आहे," नाना म्हणाले. "मोजणीला गेलो की आधी शेतकऱ्यालाच हद्द चालायला लावायचो. शेजाऱ्याचा बांध कोरलेला असला की पठ्ठ्या नेमका तो कोपरा टाळून पुढं जायचा. मोजणी तिथून सुरू करायची."

"गंमतच आहे," म्हणत अभिमननं पेन्सिल घेतली. हात सराईत होता. वारा कुठून येतो, वाट कुठं फुटते, विचारत त्यानं एकामागून एक सहा फुल्या मारल्या.

"साबरदरा राहिला," नानांनी आठवण केली. "भर उन्हाळ्यात पाणी असतं तिथं. त्या एका जागेसाठी गिऱ्हाइकांत भांडणं होतात."

"राहू द्या तो. उतरण वाईट आहे, पाय ठरत नाही."

"बरं," नाना म्हणाले. "सहा पुष्कळ झाल्या."

त्यांनी नकाशाची सुबक घडी केली. नवा पाणवठा सापडला तर कळवायला म्हणून अभिमनचं पूर्ण नाव, पत्ता, फोन नंबर वहीत उतरवून घेतला. अभिमननं वाकून नमस्कार केला. जाताना दिपमालालाही म्हणाला, "धीर सोडू नका. परत येतील."

जिना उतरणारी पावलं विरली. खाली गाडी सुरू झाली. नाना खिडकीत गेले आणि गाडीचा नंबरही त्यांनी टिपून घेतला. मग ते समाधानच्या खुर्चीत जाऊन बसले.

दिपमाला कप गोळा करत होती. चौथ्या चहावर साय धरली होती.

"नाना, काय झालं? बरं वाटत नाही का?"

सुनेशी नाना नेहमी शुद्ध बोलायचे. नोकरीतली सवय. आज तोंडून घरची अहिराणीच आली.

"बेटा, पोलिसले फोन लाव," ते म्हणाले. "समाधान साबरदराम्हा शे."