वस्तीची विहीर

पाण्याची पातळी मोजायच्या टेपचं टोक पाण्याला टेकलं आणि बीप वाजला. विहीर आणखी उतरली होती. मघाशी पाणी होतं तिथे आता ओला, काळा दगड उघडा पडला होता.

दीपाली भूजल इंजिनिअर. बऱ्हाणपूरच्या ऑफिसातून ती सकाळीच निघाली होती. निंबोल्याच्या पलीकडे उंचावर एक गाव होतं, कित्येक उन्हाळे टँकरवर काढलेलं. त्या गावाच्या नव्या बोअरची आज चाचणी होती. विजेची डीपी जळाल्यामुळे आठवडाभर त्या भागात लाइट नव्हती. ती लाइट आज सकाळी आली. नारळ फुटला, सुकलाल ऑपरेटरने बटण दाबलं आणि पाइपातून मनगटाएवढी धार पडली. बायकांनी ती ओंजळीत धरली, एकमेकींच्या अंगावर उडवली. अंगणवाडीच्या कौशल्याताईंनी ओल्या हातांनी दीपालीचा हात धरला.

"मॅडम, आता माझी पोरगी टँकरमागे पळणार नाही. टाइमावर शाळेत जाईल."

दीपालीला मात्र खालच्या वस्तीची काळजी होती. उतारावरच्या त्या वस्तीला एकच विहीर, आणि खडक दोघांचा एकच. खडकातली भेग बोअरला आणि विहिरीला मिळून पाणी देत असेल, तर बोअर चालला की विहीर आटणार. ऑफिसात साहेब म्हणाले होते, "गावाला पाणी लागलंय ना? मग वस्तीच्या विहिरीत कशाला डोकावतेस?" तरी ती टेप घेऊन एकटीच खाली आली होती. विहीर उतरली तर बोअर नळयोजनेला जोडायचा नाही, हे तिने मनाशी ठरवलं होतं. तेव्हा ते सोपं वाटलं होतं.

वस्तीतली मनकर्णाबाई शेजारीच पोहरा सोडत होती. दोर संपत आला तसा पोहरा दगडावर खडखडला. वर आला तो अर्धा, आणि गढूळ. ती त्याकडे पाहत राहिली.

"ताई, हे काय होऊन राहिलं? हा सारा आठवडा तं मस्त भरेल होती विहीर. वाटलं, देव पावला."

"वरच्या गावात नवा बोअर सुरू झालाय, मावशी. तो ओढतोय."

मनकर्णाबाईने वर गावाकडे पाहिलं. ती रागावेल, शिव्या देईल, असं दीपालीला वाटलं होतं.

"त्यांच्या बायकांचेबी हालच होते," मनकर्णाबाई म्हणाली. मग खालच्या आवाजात, "पण आमाले ही एकच हाय ताई. ते बंद करता येईन का?"

"येईल."

"कोणाले सांगा लागते?"

"कोणालाच नाही. मीच बंद करू शकते."

टेप पुन्हा वाजली. आणखी खाली.

विहिरीपाशी मोबाइलला रेंज नव्हती. दीपाली बांधावर चढली, तिथून पुढच्या मुरमाच्या ढिगावर. चढताना तिला कौशल्याताईंच्या हाताचा गारवा आठवत होता. बोअर बंद झाला की संध्याकाळी गाव तिच्या गाडीपुढे उभं राहील. साहेब विचारतील, आता गावाला काय सांगायचं? कौशल्याताईंची मुलगी उद्या पुन्हा घागर घेऊन टँकरमागे पळेल. आणि नाही बंद केला, तर ही खालची बाई गढूळ पोहरा घेऊन बसेल. दोन्हीकडे कुणीतरी तहानलेलं राहणारच होतं. तरीही एक विहीर जिवंत होती, ती मारायची नाही, एवढंच तिच्याच्याने होणार होतं.

रेंज आली. तिने सुकलालला फोन लावला आणि तो काही बोलायच्या आत घाईघाईने म्हणाली, "सुकलाल, मोटर बंद कर. आत्ताच्या आत्ता."

सुकलालचा आवाज गोंधळलेला होता.

"कोणती मोटर, मॅडम? आपली तर कब की बंद आहे. तुम्ही खाली उतरल्या अन् दहा मिनिटांत केबल जळाली. कितने फोन लावले तुम्हाला, लागतच नव्हता."

"जळाली? कशाने?"

"व्होल्टेज कुठं आहे? आठवड्यानं लाइट आली ना. केळी सुकून राहिली होती सगळ्यांची. सब ने एकदम मोटरी चालू केल्या."

दीपालीने फोन कानावरून काढला. ढिगावरून चौफेर दिसत होतं. केळीच्या बागा, त्यांच्यापलीकडे केळीच्याच बागा, आणि सगळीकडून येणारी मोटरींची एकच बारीक घरघर. त्यातला एकेक बोअर विहिरीपासून लांब होता. सगळे मिळून लांब नव्हते; विहिरीचं पाणी तेच ओढत होते. त्यांतल्या एकाचंही बटण तिच्याकडे नव्हतं, आणि कुणाला काही सांगायला गेली असती, तर प्रत्येकाने सुकत चाललेली आपली केळी दाखवली असती.

खालून मनकर्णाबाईची हाक आली.

"ताई, लागला का फोन? सांगलं का बंद कराले?"

दीपालीने हात वर केला. तो कशासाठी, ते तिचं तिलाही कळलं नाही.

मनकर्णाबाईचा चेहरा उजळला. तिने गढूळ पाणी झाडाच्या आळ्यात ओतलं, रिकामा पोहरा शेजारी ठेवला आणि पदर सारखा करून विहिरीच्या काठावर बसली.

"बरं झालं, माय," ती म्हणाली. "मंग बसतो मी इथंच. चढू दे पाणी."