बशीतले ठोके

"धडधडतंय!" तो सूक्ष्मदर्शकावरूनच ओरडला. "ताई, आधी या इकडे! आईच्या पेशी धडधडताहेत!"

काचेच्या बशीत पेशींचा इवलासा पुंजका आकसत होता, सैलावत होता, पुन्हा आकसत होता. त्याला नाचावंसं वाटलं. तिकडे, त्याने केव्हाच सोडलेल्या घरी, आईचं हृदय दिवसेंदिवस थकत चाललं होतं, आणि भ्रूणापासून केलेल्या पेशींचा उपचार तिने साफ नाकारला होता. "कुणाच्या न जन्मलेल्या लेकराचं मला काही नको." आई एकदा नाही म्हणाली की ब्रह्मदेव आला तरी ऐकायची नाही. म्हणून त्याने तिच्याच हाडांतल्या मज्जेतून पेशी काढवून आणल्या होत्या. मोठ्या माणसाच्या पेशींना हृदयासारखं धडधडणं जमायचं नाही, असं सगळेच म्हणत.

सगळ्यांत मोठ्याने म्हणत त्या शेजारच्या टेबलावरच्या ताई. त्या भ्रूणपेशींच्या बाजूने, हा मज्जेच्या. चहाच्या पहिल्या घोटापासून दोघांची जुंपायची. तरी आईचा नमुना जिवापाड सांभाळला तो ताईंनीच. घरच्या माणसाच्या नमुन्याला हात लावायचा नाही, असा प्रयोगशाळेचा नियम होता.

ताईंनी ठोके पाहिले, डोळे पुसले आणि लगेच पेशींची ओळख तपासायला घेतली. दुपारी त्या आल्या त्या चेहरा पाडूनच.

"या पेशी पुरुषाच्या आहेत रे."

त्याच्या पायाखालची वाळू सरकली. म्हणजे भेसळ! ताईंच्या भ्रूणपेशीही मुलग्याच्याच होत्या. "माझाच हात चुकला असेल," म्हणत ताईंनी त्यांच्याशी ताडून पाहिलं. जुळेना. मग प्रयोगशाळेतल्या एकेकाशी ताडून पाहिलं.

आणि ताई खुर्चीतून ताडकन उठल्याच. "तुझ्याशी जुळतात! अगदी तंतोतंत!"

"पण मी बशीला बोटही लावलेलं नाही!"

"नाहीच लावलंस! अरे वेड्या, पोटातल्या बाळाच्या थोड्या पेशी आईच्या रक्तात उतरतात. कधीकधी तिच्या मज्जेत जन्मभर मुक्काम ठोकतात. मज्जेतल्या म्हणून तू जिंकलास, बाळाच्या म्हणून मीही जिंकले! लाव, फोन लाव तिला!"

त्याने फोन लावला आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. "आता तरी उपचार घेशील ना गं?"

पलीकडे आईने नाक ओढलं.

"घेईन की. म्हणजे घर सोडून गेलास म्हणून इतकी वर्षं तुला बोल लावले, ते उगाचच म्हणायचे."