आधी नळी, मग दिवा

विझत आलेली काडी बाईंनी वायुपात्रात सोडली आणि ती भक्कन पेटली. चाळीस मुली एकसुरात "अय्या!" म्हणाल्या. मागच्या बाकावर बसलेल्या तपासनीस साहेबांनीही मान डोलावली. जांभळे स्फटिक तापवून काढलेला ऑक्सिजन अगदी शहाण्यासारखा वागला होता. बाई इतक्या खूश झाल्या, की त्याच भरात त्यांनी परीक्षानळीखालचा दिवा बंद केला.

परीक्षानळीतला वायू वाहून आणणाऱ्या नळीचं दुसरं टोक अजून पाण्यात होतं.

तसराळ्यातलं गार पाणी सरसर नळी चढलं आणि तापलेल्या परीक्षानळीत शिरलं. ताडकन काच फुटली. जांभळं पाणी टेबलभर झालं, टेबलावरून खाली, खुर्चीत ठेवलेल्या साहेबांच्या फायलीवर.

"हे काय?" साहेब उठलेच.

"तडा गेलेली नळी असणार," बाईंच्या तोंडून निघून गेलं. "मामा, नळी बघून द्यायला काय होतं हो तुम्हाला? किती वेळा सांगायचं!"

प्रयोगशाळेचे मामा फडकं घेऊन धावत आले होते. अकरा वर्षं झाली, अजून हंगामीच. त्यांना कायम करायचा कागद याच साहेबांच्या सहीसाठी अडकला होता, हे शाळेत सगळ्यांना माहीत होतं; बाईंना तर होतंच होतं. मामांनी एकदा दिव्याकडे पाहिलं, एकदा बाईंकडे.

"चुकलं साहेब," म्हणाले आणि काचा वेचायला बसले.

साहेबांनी मामांचं नाव विचारून घेतलं, पेन काढलं. बोल बये, आता तरी बोल, बाई स्वतःला बजावत होत्या. पण त्या वळल्या त्या मुलींकडे. समोर चाळीस माना वह्यांत खुपसलेल्या. त्याच वह्यांत बाईंनी काल लिहून दिलं होतं, खाली दोन रेघा मारायला लावून: आधी नळी पाण्याबाहेर काढावी, मगच दिवा बंद करावा. एकीनेही वर पाहिलं नाही. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

साहेब गेले. मुली गेल्या. मामा ओणवे होऊन फरशी पुसत होते.

"मामा, मी सांगते साहेबांना. उद्या अगदी नक्की सांगते."

"गाडी फाटकातच आहे अजून त्यांची," मामा म्हणाले.

बाईंनी खिडकीतून पाहिलं. होती खरी. साहेब मुख्याध्यापकांशी बोलत उभे होते. बाईंनी टेबलाची कड घट्ट धरली. पाय काही उचलला नाही. मग दार लागल्याचा आवाज आला आणि गाडी गेली.

मामांनी फडकं पिळलं, कपाटातून कोरी परीक्षानळी काढली, उजेडात फिरवून नीट पाहिली आणि स्टँडला लावली.

"पुढची तुकडी येईल एवढ्यात," ते म्हणाले. "दिवा मात्र या खेपेला मीच बंद करतो, बाई. नाव नाहीतरी माझंच लागतं."