पांढरे मोजे

मोजे पुन्हा काळे झाले होते.

झोपायच्या खोलीतून दीर बाहेर आला, दारातच थांबला आणि एक पाय उचलून त्याने वहिनीला दाखवला. पांढऱ्याशुभ्र मोज्यावर तिळाएवढे ठिपके होते, आणि त्यातले निम्मे उड्या मारत होते.

"मागच्या रविवारपेक्षा जास्तच आहेत, वहिनी," तो खालच्या आवाजात म्हणाला, जणू त्याचंच काही चुकलं होतं.

वहिनीने साबणाच्या पाण्याची बादली पुढे सरकवली. मोजे बुडाले तशी ती वाकली आणि एकेक पिसू तळाला जाईपर्यंत बघत राहिली. अख्ख्या आठवड्यात तिला एवढंच काय ते सुख होतं.

मोज्यांची युक्ती दिराचीच. पांढरे मोजे घालून खोलीभर सावकाश फिरायचं, म्हणजे पिसवा पायावर चढतात आणि घरात किती आहेत ते कळतं. त्याची स्वतःची लाँड्री होती. मोजेसुद्धा तो इस्त्री करून, घट्ट झाकणाच्या डब्यात घालून आणायचा. फिरताना दार लावून घ्यायचा, दुसऱ्या कुणाची पावलं नकोत म्हणून. मोज्यांना इस्त्री करणारा माणूस, असं म्हणून वहिनी ती कामाला होती त्या दवाखान्यातल्या मैत्रिणींत पोट धरून हसली होती.

हसायला तिला कारणही हवंच होतं. सासूबाईंचं शेवटचं दुखणं तिने काढलं. औषधं, अंघोळी, रात्रीची उठबस, सगळं तिनेच केलं. आणि म्हातारीच्या तोंडी सदानकदा धाकट्याचं कौतुक. त्या गेल्यावर धाकट्याने एकच गोष्ट मागितली, ती म्हणजे सासूबाईंची कुत्री, भुरी. लाँड्रीमागच्या दोन खोल्यांत तो एकटाच राहायचा.

वहिनीला कुत्र्यांची मुळीच आवड नव्हती. पण तिने डूख धरला होता.

"भुरी याच घरची आहे, भाऊजी. तुम्ही येत जा की भेटायला," ती गोड आवाजात म्हणाली होती.

तो दर रविवारी येऊ लागला. भुरी त्याच्या गुडघ्यावर डोकं ठेवून बसायची, आणि तो गेला की दाराशी कण्हत राहायची. वहिनी तेव्हा स्वतःसाठी चहा टाकायची आणि ते कण्हणं ऐकत घोट घोट प्यायची. तिचा जीव थंड व्हायचा.

मग घरात पिसवा झाल्या.

वहिनी हात धुऊन त्यांच्या मागे लागली. चादरी उकळत्या पाण्यात घातल्या, गाद्या उन्हात टाकल्या, भुरीच्या मानेवर औषधाचे थेंब सोडले, बारीक दातांच्या फणीने तिचे केस विंचरले. सापडलेली पिसू ती नखावर नख दाबून चिरडायची, आणि तो बारीकसा आवाज ऐकू आला नाही तर पुन्हा दाबायची.

दिराने आपणहून मदत देऊ केली. ती तिने आनंदाने घेतली. आईचा लाडका तिच्या पलंगाखाली ओणवा होऊन कोपरे झाडतोय, याहून चांगलं उट्टं कुठलं असणार?

पण पिसवा हटेनात. थोडं बरं वाटायचं, की पुढच्या रविवारी मोजे पुन्हा काळे. दीर समजावून सांगायचा, की पिसू जनावरापेक्षा घरातच जास्त असते, फटीत कोष करून बसते आणि पाऊल वाजलं की बाहेर पडते. "धीर धरा, वहिनी. मी येत राहीन," तो म्हणायचा.

दवाखान्याच्या खिडकीवर नावं लिहून घेताना ती टेबलाखाली एका पायाने दुसरा पाय खाजवायची. एक दिवस पेशंटांनीच आपलं बाक मागे सरकवलं. शेवटी नवरा उशी काखेत मारून मित्राकडे झोपायला गेला आणि जाताना बजावून गेला, की आता या घरात भुरी तरी राहील नाहीतर मी.

वहिनीच्या अंगाचा तिळपापड झाला. जे द्यायचं नाही म्हणून जिवाचा आटापिटा केला, तेच हाताने उचलून द्यायचं? रात्रभर ती खाजवत जागी राहिली. पहाटे मात्र तिच्या ओठांवर हसू आलं. द्यायचं तर पिसवांसकट द्यायचं.

तेव्हापासून रविवारपर्यंत तिने फणीला हात लावला नाही. औषधाची बाटली कपाटातच राहिली. भुरीला तिने सर्वांत खराब घोंगडीत गुंडाळलं आणि दिराच्या हातात दिलं.

"नक्की ना, वहिनी?" त्याने विचारलं. त्याचे डोळे भरून आले होते.

"न्या हो. आईंचा जीव तुमच्यावरच होता."

दार लावून ती एकटीच खदखदून हसली.

मग तिने घर पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत धुऊन काढलं. काही दिवसांनी स्वतः पांढरे मोजे घालून सगळ्या खोल्या फिरली. मोजे पांढरेच राहिले. नवरा उशी घेऊन परतला. म्हणजे सगळं त्या कुत्रीचंच होतं, आणि आता ते धाकट्याच्या गळ्यात होतं. त्याला खाजवताना डोळ्यांनी बघितल्याशिवाय तिला चैन पडेना. भुरीची ताटली राहिली होती, तेवढं निमित्त पुरे होतं. ताटली घेऊन ती निघाली.

लाँड्रीचं मागचं दार उघडंच होतं. उंबऱ्याजवळ भुरी उन्हात पसरली होती, धुतलेली, चकचकीत, गाढ झोपलेली. दीर पाठमोरा बसला होता. त्याच्या मांडीवर एक हडकुळा काळा बोका होता आणि तो मागच्या पायाने कान अखंड खाजवत होता.

दिराने बोक्याच्या मानेवरचे केस बाजूला करून औषधाचे थेंब सोडले.

"फार सोसलंस रे माझ्यासाठी," तो म्हणाला. "आता सुटलास."

बोका उडी मारून शेजारच्या टोपलीत गेला, गोल फिरला आणि जागा करून बसला. टोपलीत त्याच्याखाली अंथरलेले होते ते पांढरे मोजे, जोडीने, इस्त्री केलेले.