दुसरी डबी

प्रत्येकाच्या घरी दुसरं माणूस असतंच, हे तुम्हाला सांगितलं कुणी? आतड्याच्या आजाराचं औषध फुकट द्यायची योजना तुम्ही काढलीत आणि अटही तुम्हीच घातलीत: रोग्याच्या शौचाच्या डबीबरोबर, त्याच स्वयंपाकघरातलं जेवणाऱ्या निरोगी माणसाचीही डबी आणा. दोघांच्या पोटातले जंतू ताडून बघायचे. गार हवेच्या खोलीत बसून ही अट लिहिताना एकाचाही हात अडखळला नाही.

वेल्डरने दोन्ही डब्या आणून दिल्या होत्या. आज तो निकाल ऐकायला डॉक्टरीणबाईंसमोर बसला होता. गुडघे घट्ट जुळवून, कारण पोटात कळ आली होती आणि संडास दवाखान्याच्या पार दुसऱ्या टोकाला होता.

"काका, तुमचं वेळेत कळलंय," ती म्हणाली. "चांगले जंतू कमी झालेत, आतड्याला सूज यायला लागलीय. आत्ता औषध घेतलंत तर आतडं वाचेल. पण काकूंचंही अगदी तसंच दिसतंय."

वेल्डरने खुर्ची जराशी मागे सरकवली.

"त्यांना रक्त पडतं का?"

"पडतं."

"आणि तुम्ही निरोगी म्हणून त्यांची डबी दिलीत! बायका अंगावर काढतात हो. आपण विचारायला नको? वजन उतरलंय?"

"खूप. पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं."

"काकू पट्टा लावतात?"

वेल्डरने तळहात मांडीवर पुसले. रक्त पडतं का, वजन उतरलंय का, असं आजवर त्याला कुणी विचारलं नव्हतं. आज विचारलं, तेही काकूंसाठी.

"दोन्ही डब्या माझ्याच," तो म्हणाला. "एक सकाळची, एक संध्याकाळची. काकू-बिकू कुणी नाही."

"अहो, मग तसं सांगायचं! आता तुमचं नाव कापावं लागेल. औषध बाहेरून घ्या."

"बाहेरचं परवडलं असतं, तर बायकोच्या नावानं हगलो असतो का?"

ती ओशाळली. मग समजुतीच्या सुरात म्हणाली, "भाऊ, पुतण्या, कुणी मित्र? रक्ताचंच पाहिजे असं नाही. सहा महिने एका घरचं जेवण हवं, बस. दोन्ही वेळचं."

वेल्डर आठवत राहिला. कारखान्यात सगळे आपापला डबा उघडतात. शेजारी दाराची कडी लावून जेवतात. आठवून झालं. मग त्याने टेबलाची कड धरली आणि पुढे वाकला.

"तुमच्याकडे जेवायला कितीजण?"

"आम्ही चौघं. का?"

"तब्येती ठणठणीत?"

"हो, पण..."

"मग सहा महिने मी तुमच्याकडे जेवतो. भाजी आणीन, भांडी घाशीन. तुम्ही फक्त वाढा."

ती हसली. तो हसला नाही. तिचं हसू जागच्या जागी विरलं आणि ती टेबलावरचं पेन उगाच सरळ करू लागली. दारातून पुढच्या रोग्याने डोकावून पाहिलं. वेल्डर हलला नाही.

"खाली काय बघता, बाई? येऊ की नको, तेवढं सांगा."